विश्लेषण : इंटरनेट कॉल कितपत सुरक्षित? कोणती सेटिंग्ज बदलावीत?

व्हॉट्सॲपवरील कॉल २०१६पासून ‘एंड टु एंड एन्क्रिप्टेड’ आहेत. तरीही ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारे भामटे अशाच कॉलवरून लोकांना लुटतात. हे कसे घडते आणि आपल्या हाती काय आहे?

एन्क्रिप्शन असूनही धोका का?

एन्क्रिप्शनमुळे दोघांतील संभाषण तिसऱ्याला ऐकता येत नाही. मात्र पलीकडची व्यक्ती खरेच पोलीस आहे का, याची हमी ते देत नाही. दुसरा धोका ॲपमधील त्रुटींचा. २०१९मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल यंत्रणेतील त्रुटीद्वारे ‘पेगॅसस’ने सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्यात भारतातील पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. म्हणूनच ॲप अद्ययावत ठेवणे महत्त्वाचे.

कोणती सेटिंग्ज उपयोगी?

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’त कॉलचा पर्याय आहे. तिथे अनोळखी कॉल ‘सायलेंट’ करता येतात. फोन वाजत नाही, पण कॉलची नोंद राहते. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आयपी ॲड्रेस लपवण्याची सोय आहे. एरवी थेट जोडल्या जाणाऱ्या कॉलमध्ये तो समोरच्याला कळू शकतो आणि त्यावरून ठिकाणाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. हा पर्याय निवडल्यास कॉल कंपनीच्या सर्व्हरमार्गे वळतो, त्यामुळे आवाजाचा दर्जा थोडा घसरू शकतो.

डेटाचे गणित काय?

नेटवर्क कमकुवत असेल तर ‘स्टोरेज अँड डेटा’मधील कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय सुरू करावा. कार्यालयांतील आयपी फोनमध्ये हे गणित ‘कोडेक’वर ठरते. ‘जी.७११’ आवाजासाठी ६४ केबीपीएस घेतो. पॅकेटवरील पत्त्यांची माहिती धरून सुमारे ८०. ‘जी.७२९’ला एकूण सुमारे २४ पुरतात, पण आवाज तितका स्वच्छ नसतो. एकाच वेळी दहा कॉल ‘जी.७११’वर चालणार असतील तर प्रत्येक दिशेने ८०० केबीपीएस हवेत. त्यामुळे डाउनलोडइतकाच अपलोडचा वेगही पाहावा. अशा फोनमध्ये ‘टीएलएस’ आणि ‘एसआरटीपी’ सुरू ठेवावे. पहिले कॉल जोडणीची माहिती सुरक्षित ठेवते, दुसरे प्रत्यक्ष आवाज. त्यासाठी लागणारी जादा बँडविड्थ नगण्य असते. फोनचा मूळ पासवर्डही बदलावा.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. व्हिडीओ कॉलवर कुणी अटकेची धमकी देऊन पैसे मागितल्यास फोन ठेवावा. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. कुणाचा कॉल किती वेळ ऐकायचा, हे कोणतेही सेटिंग ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.