मांसमाशी : नांव कळल्यावांचून उपाय नाहीं

बैलाच्या खांद्यावरील जखमेंत किडे पडले म्हणजे ‘माशी बसली’ एवढेंच आपण म्हणतों आणि हातीं लागेल तें औषध भरून मोकळे होतों. ही माशी कोणती, हा प्रश्न पंडितांचा आहे, शेतकऱ्याचा नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. तो आम्हांस घातक वाटतो.

मांसमाशांच्या कुलांत सुमारें ३००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. रंग राखी, पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, आणि बहुतेक माद्या अंडीं न घालतां जिवंत अळ्याच सोडणाऱ्या. रूप इतकें सारखें कीं, जात ठरविण्यास नराचीं जननेंद्रियें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावीं लागतात. वृत्ति मात्र निरनिराळी. कित्येक जाती मेलेल्या प्राण्यांवर वाढून घाण नाहींशी करतात. ब्लेसॉक्सिफा प्रजातींतील माशा नाकतोड्यांच्या शरीरांत वाढून त्यांस मारतात. त्या आपल्या मित्रच होत. उलट व्होल्फार्टिया मॅग्निफिका ही भूमध्य समुद्राभोंवतालच्या देशांत मेंढ्यांच्या जिवंत मांसावर पोसते.

ओळख चुकली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंत दिसून आलें. तेथें गुरांच्या जखमांत किडे पाडणारी माशी मांसमाशीच्या शेजारच्या, निळसर-हिरव्या चकाकणाऱ्या माशांच्या कुलांतील आहे. मेलेल्या ढोरांवर वाढणारी माशी व ही एकच, असें समजून ढोरें जाळण्याचा व सापळे लावण्याचा उपदेश होत असे. १९३३ सालीं कुशिंग व पॅटन यांनीं नरांचीं जननेंद्रियें तपासून या दोन जाती भिन्न असल्याचें दाखविलें. जिवंत जखमेवर अंडीं घालणारी माशी मेलेल्या ढोरांवर वाढतच नाहीं! खरा शत्रु कळल्यावर त्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास झाला. मादी बहुधा एकदांच नराशीं संग करते, या गोष्टीचा फायदा घेऊन किरणांनीं वंध्य केलेले नर सोडण्याची युक्ति निघाली. १९५४ सालीं क्युरासाव बेटावर ती यशस्वी झाली, व पुढें संयुक्त संस्थानांतूनही त्या माशीचें उच्चाटन झालें. तथापि २०२३ पासून ती मध्य अमेरिकेंतून पुन्हां उत्तरेकडे सरकली व २०२४ सालीं मेक्सिकोंत पोंचली. शत्रु हटला म्हणून पहारा सोडतां येत नाहीं.

आपल्या देशांतही जिवंत जखमेवर अंडीं घालणारी क्रायसोमाया बेझियाना ही माशी आहे. मेलेलीं ढोरें पुरावींच, परंतु तेवढ्यानें ही माशी हटणार नाहीं. जखम ताबडतोब धुऊन औषध लावणें, नवजात वासराची नाळ जपणें आणि जनावर रोज न्याहाळणें, हाच तिच्यावर इलाज.

यास्तव आमची सूचना अशी : जखमेंतून काढलेले सर्वच किडे फेंकूं नयेत. कांहीं कढत पाण्यांत मारून स्पिरिटांत ठेवावे. कांहीं पूर्ण वाढलेले ओलसर मातीच्या डब्यांत, तोंडास कापड बांधून, माशा निघेपर्यंत राखावे. गांव, तारीख व जनावर यांची चिठ्ठी लावून ते पशुवैद्यामार्फत कृषि अथवा पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठवावे. महाविद्यालयांनींही माशांचें वर्गीकरण जाणणारा मनुष्य पदरीं ठेवणें ही चैन समजूं नये. पाठविलेल्या किड्याचें नांव सांगणारा कोणी नसेल, तर शेतकऱ्याचे श्रम फुकट जावयाचे. पावसाळ्यांत माशी वाढते. तत्पूर्वीं आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं हें काम हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.