मराठीत एजंट नाही, मग नव्या लेखकाने जायचे कुणाकडे?



मालेगाव म्हटले की लोकांना नाशिककडचे मालेगाव आठवते. आम्ही बोलतोय वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावबद्दल. इथल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरापोरींकडे आज लिहून भरलेल्या वह्या आहेत. कुणाच्या वहीत कविता आहेत, कुणी आजीकडून ऐकलेली धम्मदीक्षेनंतरच्या गावाची हकिकत उतरवली आहे, कुणी ऊसतोडीला गेलेल्या घराची कादंबरी अर्धी लिहून ठेवली आहे. ही मुले विचारतात, इंग्रजीत लिटररी एजंट असतात, ते हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे जातात, तसा एखादा आपल्याला कुठे भेटेल?

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी हिशोबच मांडू. एजंट लेखकाकडून आगाऊ पैसे घेत नाही, लेखकाच्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो. आता समजा एक मराठी पुस्तक २०० रुपयांचे आहे, आवृत्ती ५०० प्रतींची आहे आणि मानधन १० टक्के ठरले आहे. सगळ्या प्रती विकल्या तरी लेखकाला १०,००० रुपये मिळतील आणि त्यातले एजंटाचे १,५००. एवढ्यासाठी कोण हस्तलिखिते वाचत बसेल? म्हणून मराठीत हा धंदा उभाच राहिला नाही. दिल्ली-मुंबईत जे एजंट आहेत ते मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचे. उद्या तुमच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघायची वेळ आली तर त्यांच्याकडे जरूर जा, त्यात कमीपणा नाही. पण पहिल्या मराठी पुस्तकासाठी त्यांची वाट पाहू नका.

एजंट नसला तरी त्याची खुर्ची रिकामी नाही. तिच्यावर दोन प्रकारचे लोक बसले आहेत. एक 'पॅकेज'वाले. फोन येतो, तुमचे लेखन निवडले गेले आहे, इतके हजार भरा, प्रकाशन समारंभ आणि सन्मानचिन्ह आमच्याकडून. मग प्रतींचे गठ्ठे लेखकाच्या घरी येऊन पडतात आणि आई त्यावर धान्याचे पोते ठेवते. याला प्रकाशन म्हणत नाहीत, ही छपाई आहे, तीही महागडी.

दुसरा प्रकार जुना आहे आणि आम्हाला तो जास्त टोचतो. मराठीत एजंटाचे काम ओळख करत आली आहे. कुणाचा विद्यार्थी, कुणाचा भाचा, कोणत्या मंडळातला, कुणाची प्रस्तावना. ही ओळख कुठून येते हे वेगळे सांगायला नको. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तो विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. तेंडुलकरांनी ते मनापासून केले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण कामाठीपुऱ्याच्या कवीला दुसऱ्या जगातल्या माणसाने हात धरून आत न्यावे लागते, ही त्या दाराची गोष्ट आहे, कवितेची नव्हे.

हे दार आपल्या महापुरुषांनी ओळखले होते. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचे न्यायमूर्ती रानड्यांकडून बोलावणे आले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे माणसाचे हक्क नाकारतात त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके आमच्या सभांशी नि पुस्तकांशी जुळत नाहीत, असा त्या पत्राचा आशय. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले आणि पत्र निघाले. आजच्या भाषेत बोलायचे तर बाबासाहेबांना एजंट मिळाला नाही, हितचिंतक मिळाला आणि वाचक मिळाला.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणातला मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी शब्द बदलले नाहीत, भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. 'जातिप्रथेचे विध्वंसन'च्या इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. तुमच्या संहितेतून जातीचा उल्लेख काढा, मग पुस्तक सर्वांना आवडेल, असा सल्ला कुणी दिला तर हे भाषण आठवा.

पण स्वतः छापण्याचा गौरव करताना त्याची किंमत लपवू नये. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे २०,००० रुपये आहे, तो पेलवत नाही, सरकारने बुद्ध जयंतीच्या निमित्ताने ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती होती. घटनेच्या शिल्पकाराने ५०० प्रतींसाठी पत्र लिहावे! नेहरूंचे उत्तर दुसऱ्या दिवशीचे आहे: त्यासाठीचा निधी संपला आहे, पत्र राधाकृष्णन यांच्या समितीकडे पाठवतो. मदत काही झाली नाही. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, महापरिनिर्वाणानंतर.

पुढे हे काम आपल्या लोकांनी संस्था म्हणून केले. औरंगाबादेत १९६७ पासून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. कधीही न छापलेल्या पोराचे लेखन वाचायचे, पत्राने उत्तर द्यायचे, छापायचे, मेळाव्यात उभे करायचे. एका पिढीचा एजंट म्हणजे हे नियतकालिक, आणि त्याने कमिशन घेतले नाही. 'ग्रंथाली' वाचक चळवळीने १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' काढले. आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांना 'राघववेळ' कादंबरीसाठी १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक होण्यासाठी पुण्यात खोली घ्यावी लागते असे कुणी म्हणाले तर त्याला शिरपूरची वाट दाखवावी.

मग आज अडते कुठे? स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल. अडते आपल्याकडे. जयंतीला डीजेची वर्गणी एका संध्याकाळी जमते, नव्या पोराच्या १५० रुपयांच्या संग्रहाला मात्र 'फुकट प्रत दे ना भाऊ' म्हणतात. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोक पिशव्या भरून पुस्तके घेतात, ही आपली शान आहे. पण तिथेही हात जातो तो ओळखीच्या नावाकडे. नवीन नाव कोपऱ्यात पडून राहते. आसपासच्या ५० विहारांनी पाच-पाच प्रती रोखीने घेतल्या तर २५० प्रती होतात, म्हणजे ३७,५०० रुपये. पहिली छोटी आवृत्ती एवढ्यात उभी राहू शकते. प्रकाशकाच्या दारात उभे राहण्याची गरज तिथेच अर्धी संपते.

लिहिणाऱ्यांनीही काही गोष्टी पक्क्या माहीत करून घ्याव्यात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. मंडळाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि अर्ज करा, तो आपला हक्क आहे, उपकार नाही. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा. करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी सही करूनच देता येतात, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या ओळीवर चहा पिता पिता सही करणारे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. सही करण्याआधी कागद गावातल्या एखाद्या वकिलाला दाखवा. बाबासाहेबांच्या वाटेने वकील झालेली पोरे आता तालुक्यालाही आहेत.

आमची मागणी जयंती मंडळांकडे आहे. यंदाच्या १४ एप्रिलच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवा: तालुक्यातल्या नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रती, रोख. आणि महिन्यातला एक रविवार विहारात हस्तलिखित वाचनाला द्या. लेखकाने मोठ्याने वाचावे, बायाबापड्यांनी ऐकावे, जिथे कंटाळा आला तिथे तोंडावर सांगावे. ज्यांच्याकडे वह्या तयार आहेत त्यांनी मंडळाच्या ठरावाची वाट न पाहता येत्या रविवारी त्या घेऊनच यावे.