धान्य गोदामांची क्षमता वाढतेय. दारांकडे मात्र दुर्लक्ष नको

लखनौ : देशातील धान्य साठवणुकीची चर्चा बहुधा लाख टनांच्या भाषेत होते. सहकार क्षेत्रात पाच वर्षांत सुमारे 700 लाख टन साठवणक्षमता उभारण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 मे 2023 रोजी मंजुरी दिली. मात्र साठवलेले धान्य सुरक्षित राहील की नाही, हे पुष्कळदा गोदामाच्या दाराखालील काही मिलिमीटरच्या फटीवर ठरते.

गव्हाच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या उत्तर प्रदेशात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय अन्न महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय आणि राज्य वखार महामंडळाचे मुख्यालय लखनौमध्येच आहे, तर धान्य साठवणुकीचे संशोधन व प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था याच राज्यातील हापूर येथे आहे. म्हणजेच ज्ञान आणि यंत्रणा दोन्ही उपलब्ध आहेत. उणीव जाणवते ती दैनंदिन शिस्तीची.

उंदराच्या पिल्लाला आत शिरण्यास जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. सोंडे आणि तांबडे भुंगेरे यांना तर त्याहूनही कमी. पारंपरिक गोदामांत उंच जोत्यामुळे उंदरांना अटकाव होतो; पण ट्रकमधून पोती उतरवण्यासाठी लावलेली फळी रात्री तशीच राहिली, तर त्या उंचीला अर्थ उरत नाही. गुंडाळी शटरच्या दोन्ही कडा आणि वरची पोकळीही अशीच दुर्लक्षित राहते.

उपाय खर्चिक नाहीत. दाराच्या तळाशी धातूची पट्टी, समपातळीतील पक्का उंबरठा आणि कडांना ब्रशपट्ट्या बसवल्यास बरीच वाट बंद होते. नुसते रबर उंदीर कुरतडतात. दारावरचा प्रखर पांढरा दिवा रात्री कीटकांना खेचून घेतो. त्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा दिवा दारापासून दूर लावून उजेड दाराकडे वळवणे श्रेयस्कर. वर्दळीच्या दारांवर हवेचा पडदा उपयुक्त ठरतो. मात्र झोत पुरेसा जोरकस व बाहेरच्या दिशेने किंचित झुकलेला असावा लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. धान्याला वारा मिळावा म्हणून कोरड्या, स्वच्छ दिवशी गोदामाची दारे उघडी ठेवावीच लागतात. चढउतार सुरू असताना हमालांकडून प्रत्येक पोत्यामागे दार लावण्याची अपेक्षा करणेही अव्यवहार्य आहे. म्हणूनच मुख्य दाराच्या आत जाळीचे दुसरे दार असणे आवश्यक ठरते. अन्न सुरक्षा कायद्याखालील 2011 च्या परवाना नियमावलीतील चौथ्या परिशिष्टातही दारे, खिडक्या व इतर उघड्या जागांना आवश्यकतेनुसार जाळी बसवण्याची तरतूद आहे.

अर्थात सर्व कीड दारातून चालत येत नाही. खापरा भुंगेरा जुन्या बारदानातून आणि भिंतींच्या भेगांतून टिकून राहतो. त्यासाठी आवकेची तपासणी व धुरी अपरिहार्य आहे. परंतु धुरीनंतर दार मोकळेच राहिले, तर कीड पुन्हा शिरते आणि धुरी पुन्हा द्यावी लागते. फॉस्फीन वायूला न जुमानणारे कीटक देशात आढळले असल्याने या चक्राची किंमत वाढत जाणार आहे.

ही किंमत अखेरीस कोण मोजतो? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य गटातील व्यक्तीला महिन्याला 5 किलो धान्य मिळते. एका उंदराने दिवसाला 25 ग्रॅम धान्य फस्त केले असे धरले, तर 200 दिवसांत एका माणसाचा महिन्याचा वाटा संपतो. विष्ठा व मूत्राने नासलेले धान्य निराळेच.

लखनौच्या परिसरातील गोदामांना लागू असलेली ही गोष्ट मनमाडसारख्या महाराष्ट्रातील मोठ्या साठवण केंद्रांनाही तितकीच लागू आहे. नव्या गोदामांच्या निविदांमध्ये क्षमतेइतकेच काटेकोर निकष दारांसाठी घालून देणे आणि जुन्या दारांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे, ही नव्या बांधकामापेक्षा कितीतरी स्वस्त क्षमतावाढ ठरेल.