आकडा एकच का सांगता?

एप्रिल आला की न्यू जर्सीतले आम्ही बर्फवेडे हिवाळ्याचा ताळेबंद मांडायला बसतो. किती पडला, किती सांगितला होता, कोणाचं बरोबर आलं, कोण तोंडघशी पडलं. २०२४-२५चा ताळेबंद मांडायला फार वेळ लागला नाही. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये, सेंट्रल पार्कात, १८६९पासूनच्या नोंदी आहेत. तिथे सबंध मोसमात १२.९ इंच बर्फ पडला. सरासरी आहे २९.८. आदल्या हिवाळ्यात ७.५ होता आणि त्याच्याही आदल्या हिवाळ्यात २.३, म्हणजे आजवरचा नीचांक. त्या मानाने हे बरं म्हणायचं.

पण २१ जानेवारी २०२५ला जखमेवर मीठ चोळलं गेलं. लुइझियानात, मेक्सिकोच्या आखाताजवळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये, आठ इंच बर्फ पडला. तोवर सेंट्रल पार्काच्या खात्यात सगळा मोसम मिळून तेवढे इंच जमा नव्हते! लुइझियानातल्याच लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने त्या दिवशी हिमवादळाचा इशारा दिला, तो त्यांच्या इतिहासातला पहिलाच. आणि ऑक्टोबरमध्ये आलेला मोसमी अंदाज काय होता? दक्षिणेकडे आणि पूर्व किनाऱ्यावर हिवाळा सरासरीपेक्षा उबदार राहण्याकडे कल.

यावर हसणारे पुष्कळ भेटले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीचा कल सांगणारा कागद अमुक मंगळवारी काय होईल ते सांगतच नाही, सांगण्याचा दावाही करत नाही. माझं भांडण आहे ते दोन-तीन दिवस आधी आमच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या एकुलत्या एक आकड्याशी.

मी मूळची मिरजेची. बर्फ इथे आल्यावरच पाहिला आणि वेड लागलं. दोन हिवाळे फावडं मारलंस की उतरेल, असं मैत्रिणी म्हणायच्या. उतरलं नाही. आता मी कोकोराझच्या स्वयंसेवकांपैकी एक आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये १९९७ साली पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस झाला आणि काही मैलांवर अगदीच कमी. त्यानंतर १९९८ साली, घरोघरच्या लोकांनीच पाऊस आणि बर्फ मोजून कळवावा, म्हणून ही चळवळ सुरू झाली.

मागच्या अंगणात माझी पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी असते. गवतावर मोजलं तर पात्यांवर अधांतरी राहिलेला बर्फ आकडा फुगवतो, रस्त्यावर मोजलं तर तो खालून वितळलेला असतो, म्हणून फळी. सकाळी सातला पट्टी सरळ उभी धरायची आणि इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं. हौसेने तासातासाला मोजून फळी पुसायची नाही. बर्फ स्वतःच्या वजनाने खाली बसतो, तेव्हा तासातासाच्या आकड्यांची बेरीज खऱ्यापेक्षा जास्त येते. सहा तासांच्या आत फळी पुसू नये, असा नियमच आहे. मग चार इंच व्यासाचं नळकांडं स्वयंपाकघरात आणायचं, त्यात मोजून कोमट पाणी घालून बर्फ वितळवायचा, सगळं बारीक नळीत ओतायचं आणि आपण घातलेलं पाणी वजा करायचं. उरलेलं पाणी आभाळाचं.

हे उरलेलं पाणी पाहिलं की अंदाज कुठे घसरतो ते कळतं. ढोबळ हिशेब असा की एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो. पण मार्चमधला जड, ओला बर्फ पाचावरच अडतो आणि कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ वीसपर्यंत जातो. म्हणजे अंदाज सांगणाऱ्याने पाणी तंतोतंत बरोबर सांगितलं, तरी बर्फाचा आकडा दुपटीने, कधी चौपटीनेसुद्धा चुकू शकतो. त्यात आम्ही राहतो ते पावसाच्या आणि बर्फाच्या सीमेवर. समुद्राकडून उबदार वारा येतो, आतून थंड हवा लोटते आणि दोघांची हद्द बहुतेक वेळा टर्नपाइक या हमरस्त्याच्या आसपास पडते. त्याच्या पूर्वेला पाऊस, पश्चिमेला बर्फ. ही हद्द पंधरा मैल सरकली की कोणाचं तरी पितळ उघडं पडतं.

२०१५च्या जानेवारीत ही हद्द नव्हे, वादळाची कडच त्याहून बरीच जास्त सरकली. न्यूयॉर्कसाठी दोन फुटांची भाषा चालली होती. गव्हर्नरांनी केवळ बर्फाच्या भीतीने सबवे बंद ठेवली, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. पडला ९.८ इंच. फिलाडेल्फियात एक फुटाहून जास्त सांगितला होता, तिथे जेमतेम इंचभर. वादळाची पश्चिमेकडची कड पन्नास-पाऊणशे मैल पूर्वेला राहिली, एवढंच झालं होतं. लाँग आयलंडच्या पूर्व भागात आणि बॉस्टनमध्ये खरोखरच दोन फूट पडला. आमच्या भागाचा अंदाज माउंट हॉलीच्या कार्यालयातून येतो. तिथले गॅरी झॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही आदर वाटला आणि आजही वाटतो. पण नॅशनल वेदर सर्व्हिसचे, म्हणजे इथल्या हवामान खात्याचे, तेव्हाचे प्रमुख लुई युसेलिनी जे म्हणाले ते मला जास्त मोलाचं वाटतं. यातली अनिश्चितता आपण लोकांपर्यंत नीट पोचवायला हवी होती, असा त्यांचा सूर होता.

आता पुढचं वर्ष बघा. जानेवारी २०१६. न्यूयॉर्कसाठीचे सुरुवातीचे अंदाज एका फुटाच्या आतबाहेर होते. सेंट्रल पार्कात पडला २७.५ इंच, आजवरचा उच्चांक. चूक पहिलीपेक्षा लहान नव्हती, फक्त उलट्या दिशेने होती. पण कोणी माफी मागितली नाही आणि कोणी मागायलाही लावली नाही. माणसं आकड्याच्या चुकीवर रागावत नाहीत, फुकट गेलेल्या तयारीवर रागावतात, हे मला तेव्हा दिसलं.

मला खरा राग आहे तो मार्च २०१७च्या वादळाच्या वेळचा. त्या वादळाच्या आदल्या दुपारी किनाऱ्याजवळ बर्फाऐवजी गारठलेला पाऊस आणि बर्फाचे खडे पडणार, अशी चिन्हं हवामान खात्याच्या लोकांना दिसू लागली होती. कार्यालयांची आपसात चर्चा झाली आणि ठरलं काय, तर आकडा खाली आणायचा नाही. का? लोक गोंधळतील आणि धोका टळला असं समजून बेफिकीर होतील. हे त्यांनीच नंतर सांगितलं. सेंट्रल पार्कात ७.६ इंच पडला, सांगितलेला याहून कितीतरी जास्त होता. आत बिंगहॅम्टनकडे अडीच फुटांच्या वर गेला, तो भाग वेगळा. हेतू वाईट नव्हता हे मान्य. पण आपल्याला माहीत असलेली शंका लोकांपासून झाकून ठेवायची, म्हणजे लोकांना लहान मुलं समजायचं. पुढच्या वेळी ती मुलं का ऐकतील?

मी एका फार्मसीत काम करते. वादळाची बातमी आली की आदल्या दिवशी आमच्या काउंटरपुढे रांग लागते. इन्सुलिन, दम्याचे पंप, रक्तदाबाच्या गोळ्या, तान्ह्या बाळाचं दूध. रांगेतला प्रत्येक जण विचारतो, किती पडणार? खरं तर प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. डायलिसिसला जाणाऱ्या गृहस्थांना दहात एक शक्यतासुद्धा पुरे आहे. त्यांनी आदल्या दिवशीची वेळ मागून घ्यावी, चुकलं तर फारसं काही बिघडत नाही. ड्राइव्हवे साफ करणाऱ्या कंत्राटदाराला मिठाचा ट्रक मागवायला दहात पाच-सहा तरी हवेत. शाळेला त्याहून जास्त. सुट्टी दिली की तासावर पगार घेणाऱ्या आईबापांचा रोज बुडतो आणि शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांचं पोट. फेब्रुवारी २०२४मध्ये बॉस्टनने आदल्या दिवशीच शाळांना सुट्टी जाहीर केली. वादळ दक्षिणेकडून निघून गेलं आणि शहरात नाव घेण्यासारखा बर्फ पडलाच नाही. तो निर्णय चूक होता की बरोबर, हे पडलेल्या इंचांवरून ठरत नाही, निर्णय घेताना दहात किती शक्यता होती यावरून ठरतं. आणि तेच कोणी सांगत नाही. ‘आठ ते बारा इंच’ एवढं सांगून टाकलं की सगळ्यांसाठी एकच निर्णय परस्पर घेऊन टाकल्यासारखं होतं.

गंमत अशी की सांगायची सोय आहे. नॅशनल वेदर सर्व्हिसची कार्यालयं वादळाच्या आधी तीन नकाशे काढतात. एक अपेक्षित बर्फाचा, एक कमीत कमी इतका तरी पडेल अशा, म्हणजे दहात नऊ शक्यतेचा आणि एक दहात एक शक्यतेचा, म्हणजे फारच जोर धरला तर किती त्याचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नकाशातलं अंतर पाहिलं की अंदाज किती पक्का ते क्षणात कळतं. अंतर कमी असेल तर फावडं दाराशी आणून ठेवावं, जास्त असेल तर रात्री पुन्हा एकदा पाहावं. टीव्हीवर मात्र पहिलाच नकाशा येतो, तोही गडद जांभळ्या रंगात.

आमच्या जमातीचाही दोष आहे, तो झाकत नाही. फेब्रुवारी २०२५च्या तिसऱ्या आठवड्यातलं वादळ घ्या. जवळजवळ आठवडाभर आधी युरोपीय मॉडेलच्या एका फेरीत आमच्यावर फुटाहून जास्त बर्फ दिसला. झालं! तो नकाशा व्हॉट्सॲपवर फिरला, आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दुधाच्या पिशव्यांवरून वाद झाले. हेच मॉडेल थोड्याथोड्या फरकाने पन्नास वेळा चालवतात आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांमध्ये वादळ समुद्रात जात होतं, हे कोणी पुढे पाठवलं नाही. हवामान खात्याने तेव्हा इंचांचा आकडा दिलेलाच नव्हता. बर्फ पडला व्हर्जिनियातल्या नॉरफोकला, दहा इंचांच्या आसपास. आम्हाला कोरडी थंडी. आणि दुसऱ्या दिवशी रांगेत ऐकलं काय? “या वेदरवाल्यांना काही कळत नाही.”

दादरच्या माझ्या आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पळसाला पानं तीनच. आमच्याकडे रेड अलर्ट म्हणून शाळा बंद आणि दिवसभर लख्ख ऊन.” आत्याबाईंना मी २६ जुलै २००५ची आठवण करून दिली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही मुंबईच, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. ‘मुंबईत किती पडणार’ या प्रश्नाला त्या दिवशी कोणता एक आकडा बरोबर ठरला असता? भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ असं असतं, तेव्हा त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. वर्तमानपत्रात येईपर्यंत त्याचं ‘कोकणात मुसळधार’ होतं. म्हणजे शक्यता सांगितलेली असते, ती आपण मथळ्यात गाळतो. यात आमच्या टीव्हीवाल्यांचं आणि तुमच्या मथळेकारांचं अगदी जमतं.

शंका उघड सांगायची, तशी ती कमीही करायची असते, आणि ती कमी होते मोजमापाने. अमेरिकेत दिवसातून दोनदा ठरावीक वेळी ठिकठिकाणांहून फुगे सोडतात. ते वर जाताना तापमान, आर्द्रता, वारा मोजून कळवतात. आमच्यावर पडणार तो बर्फ की पाऊस, हे ठरवणारा उबदार हवेचा थर जमिनीपासून हजारो फूट वर असतो. माझ्या फळीला तो दिसत नाही, फुग्याला दिसतो. फेब्रुवारी २०२५मध्ये अलास्कातल्या कोत्झेब्यूची आणि मार्चमध्ये ओमाहा आणि रॅपिड सिटीची उड्डाणं माणसं कमी पडतात म्हणून थांबवली. आमची वादळं बहुतेक पश्चिमेकडून येतात. अंदाज चुकतो म्हणून ओरडायचं आणि पाहणारे डोळेच काढून घ्यायचे, ही काटकसर मला कळत नाही. भारत सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी मंजूर केले, ते मला त्यापुढे शहाणपणाचं वाटतं. पैसे नीट खर्च होवोत म्हणजे झालं.

मार्चअखेर मी इथल्या एका टीव्ही वाहिनीला पत्र लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात तिन्ही नकाशे दाखवा, त्यासाठी अर्धा मिनिट पुरेल, असं सुचवलं. उत्तर आलं, सभ्य शब्दांत. तीन नकाशे दाखवले की प्रेक्षक गोंधळतो आणि दुसरी वाहिनी लावतो, असं त्यांचं म्हणणं. मी परत लिहून विचारलं आहे, तिन्ही नकाशे दाखवणारी ती दुसरी वाहिनी कोणती, म्हणजे मी आजच लावते.