हेल्मेटने डोके वाचले, पण हात उचलत नाही: एमआरआय कशाचा आणि कधी?

नोव्हेंबर 2024 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातले नसेल तर कारवाईचे आदेश दिले. निर्णय योग्यच होता. पण हेल्मेट डोके वाचवते, खांदा नाही. भुईगावहून वसई रोड स्टेशन गाठायला रोज दुचाकी काढणाऱ्या घरांनी हेही माहीत करून घ्यावे.

गाडीवरून पडताना खांदा जमिनीवर आपटतो आणि मान उलट्या बाजूला झुकते. त्या हिसक्याने मानेतून हाताकडे जाणारे नसांचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ताणले जाते, फाटते किंवा नस मुळापासून उपटली जाते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, हात मात्र लुळा पडतो. "सूज उतरली की ताकद येईल" म्हणत महिने जातात.

अशा वेळी कधी कधी फक्त मानेच्या मणक्यांचा एमआरआय होतो, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण त्यात कॉलर बोनच्या मागचे जाळे पुरते येतच नाही. चिठ्ठीवर 'ब्रेकियल प्लेक्सस' लिहिले आहे का, ते डॉक्टरांना विचारा. घाईही नको: सुरुवातीला रक्त आणि सुजेमुळे चित्र धूसर असते, उपटलेली नस तीन-चार आठवड्यांनी जास्त नीट ओळखता येते. ईएमजी ही नसांची विद्युत तपासणीही साधारण तीन आठवड्यांनीच भरवशाची ठरते. एमआरआयमध्ये नसेची रचना दिसते, ईएमजीमध्ये तिचे काम. दोन्ही लागतात. (काच किंवा कोयत्याने नस कापली असेल तर मात्र थांबायचे नाही, लगेच सर्जन गाठायचा.)

नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. उपटलेली नस आपोआप जुळत नाही. रिपोर्टमध्ये तसे दिसले तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना 2023 च्या निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी 5 लाख रुपयांपर्यंत खुली झाली. पण ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाहेर केलेल्या एमआरआयचे पैसे त्यातून मिळतील असे गृहीत धरू नका. योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. हाडात प्लेट बसवली असेल तर तिचे कागदही एमआरआयला जाताना सोबत न्या.