नेम बदलताना

पालकसभेला आलेले वडील साधारण दोनच प्रश्न विचारतात. गुण कमी का आले, आणि मुलगा वर्गात फार बोलतो का? गेल्या सप्टेंबरात नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला तिसराच प्रश्न विचारला. "सर, तो चेंडू घरातून बाहेर काढू का?"

मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा होता. कौशात त्यांचा बॅगा शिवण्याचा छोटा कारखाना आहे. घर दोन खोल्यांचे, तीन मुले, आणि पलंगाखाली एक बास्केटबॉल. घटक चाचणीत गणितात वीसपैकी सात गुण. त्यात ऑगस्टमध्ये डोंबिवलीत झालेल्या आंतरशालेय सामन्यात या मुलाने एकामागून एक सोपे फेक चुकवले होते आणि आमची शाळा पहिल्याच फेरीत बाहेर पडली होती. वडिलांचे म्हणणे सरळ होते. अभ्यासही नाही आणि खेळही नाही, मग हे सगळे कशासाठी?

मी म्हणालो, "काढा भाई, दहावी जवळ आली आहे."

हे उत्तर मी फार घाईने दिले. आजचा लेख त्या घाईबद्दलच आहे, कारण अशी घाई आपल्या बऱ्याच घरांत होते.

आधी खेळाविषयी थोडे सांगतो. बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात. त्यांतले जे साधारण बुटके, चपळ आणि चेंडू हाताळण्यात पटाईत असतात, ते गार्ड. चेंडू पुढे नेणे, कोणाला द्यायचा ते ठरवणे आणि वाट मोकळी दिसली तर लांबून बास्केट करणे ही त्यांची कामे. आमचा हा मुलगा साडेपाच फुटांचा गार्ड आहे. पळतो छान, पास त्याहून छान देतो. पण त्याच्या फेकीत एक खोट होती. तो चेंडू छातीपाशी, उजव्या कुशीकडून ढकलत असे, एखादी जड गोणी टेम्पोत टाकावी तसा.

ही खोट कुठून आली? अकराव्या वर्षी त्याने खेळायला सुरुवात केली ती मोठ्यांच्या चेंडूने. पुरुषांच्या सात नंबरच्या चेंडूचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असते. लहान मुलांसाठीचा पाच नंबरचा चेंडू आकाराने लहान आणि पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर असतो. पण शाळेत एकच चेंडू, तोही सात नंबरचा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. लहान मुलाच्या दंडात तेवढी ताकद नसते, म्हणून तो सगळ्या अंगाचा जोर लावून कमरेपासून चेंडू ढकलतो. चेंडू कसाबसा पोचतो, कधी आतही जातो, सगळे टाळ्या वाजवतात. अशा टाळ्यांत चुकीची सवय पक्की होते.

आमच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस एक प्रशिक्षक येतात. वय साठीच्या पुढे, बालपण नागपाड्यातले. मुले त्यांना उस्ताद म्हणतात. जुलैत उस्तादांनी त्या मुलाला सांगितले, "बेटा, तू आता मोठा झालास, पण तुझी फेक अजून अकरा वर्षांचीच आहे. ती मोडून नवी करू."

मला वाटले, आत जाणारा चेंडू जात असेल तर मोडायचे कशाला? उस्तादांनी मला बांगडी मागितली. मी घरून बेगमची एक बांगडी आणली. त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि म्हणाले, "वरून बघा, पूर्ण गोल. आता कडेने बघा, फट." रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला तर जागा भरपूर आहे. तो ४५ अंशांच्या उतारावरून आला तर त्याच्या वाटेला जवळपास ३२ सेंटिमीटरची जागा येते. तो ३० अंशांच्या सपाट वाटेने आला तर ही फट साडेबावीस सेंटिमीटरचीच उरते, म्हणजे चेंडूपेक्षा लहान. असा चेंडू रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही. छातीतून ढकललेला चेंडू सपाट जातो. शिवाय तो खालून निघतो, त्यामुळे समोरचा उंच खेळाडू हात वर करून तो सहज अडवतो. शाळेत चालून जाते, पण पुढच्या पायरीवर नाही.

नवी फेक अशी असते. दोन्ही पाय खांद्याइतक्या अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, कारण जोर पायांतून यायला हवा. चेंडू कपाळाच्या वर. उजवे कोपर चेंडूच्या खाली, बाहेर पसरलेले नाही. डावा हात आधारापुरता, त्याने ढकलायचे नाही. शेवटी मनगट पुढे पडते आणि चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटतो. तेव्हा चेंडूला उलटी फिरकी मिळते. ती असली की रिंगवर आपटलेला चेंडू लांब उडण्याऐवजी जवळच मरतो आणि कधी कधी आत पडतो.

वाचायला दोन मिनिटे लागतात, पण अंगात मुरायला महिने. आणि आधीचे काही आठवडे मुलगा पूर्वीपेक्षाही वाईट खेळतो.

हे जगातल्या सर्वोत्तम नेमबाजाच्याही वाट्याला आले होते. स्टीफन करी शाळेत असताना बुटका आणि किडकिडीत होता, चेंडू कमरेपासून फेकायचा. त्याचे वडील डेल करी स्वतः एनबीएचे खेळाडू. एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलाची फेक मुळापासून बदलायला घेतली. काही आठवडे त्याला रिंगजवळचा पट्टा सोडून लांबून फेकताच येत नव्हते. तो रडकुंडीला आला. पुढे मोठ्या महाविद्यालयांनी त्याला घेतले नाही, तेव्हा तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. २००९ मध्ये एनबीएच्या निवडीत त्याचा क्रमांक सातवा होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने २,९७४ वा तीन गुणांचा फेक टाकून रे अॅलनचा विक्रम मोडला. त्या रडक्या उन्हाळ्यात वडिलांनीच "सोड रे, तुझ्याने होत नाही" म्हटले असते तर?

आमच्या मुलाचा डोंबिवलीचा सामना नेमका त्या मधल्या काळात आला होता. जुनी फेक मोडलेली आणि नवी जमलेली नाही. उस्तादांना हे ठाऊक होते. मला आणि वडिलांना नव्हते. आम्ही फक्त धावफलक पाहिला.

चेंडू पलंगाखालून कपाटावर गेला. तीन आठवड्यांत गुण वाढले नाहीत. मुलगा मात्र गप्प झाला. उर्दूच्या तासाला हात वर करणे बंद, डबा अर्धा परत. ऑक्टोबरच्या सहामाहीत गणितात पुन्हा तेवढेच. त्याला गणितात अडचण होती ती समीकरणांची, आणि ती सातवीपासूनची होती. चेंडूचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे त्याचा वर्गशिक्षक म्हणून मला आधी कळायला हवे होते.

दिवाळीच्या सुटीत एका रविवारी मी बाप-लेकाला घेऊन निघालो. मुंब्र्याहून स्लो लोकल, भायखळ्याला उतरून पायी नागपाडा.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची जुनी घरे त्या बाजूला आहेत, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. पुढे १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था, आजची टिस, तिथेच सुरू झाली. या वस्तीत बास्केटबॉल रुजला. बच्चूखान नावाच्या प्रशिक्षकांनी गल्लीतल्या पोरांना घडवले. आज तिथले महापालिकेचे मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते. याच वस्तीतले गुलाम अब्बास मुंतसिर भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. दाटीवाटीच्या चाळी, जरीचे आणि बॅगांचे कारखाने, आणि मधोमध एक कोर्ट. मुंबईचे बास्केटबॉल म्हटले की आजही नागपाड्याचे नाव निघते.

कठड्यापाशी उभे राहून आम्ही मुलांचा सराव पाहत होतो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मी बारा वर्षांचा होतो तेव्हा मदनपुऱ्यात कामाला होतो. मालक चहा आणायला पाठवायचा. मी इथे थांबायचो. चहा थंड व्हायचा, मार खायचो." पोराने पहिल्यांदा मान वर करून बापाकडे पाहिले.

घरी परतताना गाडीत आम्ही तिघांनी ठरवले. सोमवार ते शनिवार सकाळी शाळेआधी चाळीस मिनिटे सराव. संध्याकाळी मगरिबनंतर एक तास गणित, तेही सातवीच्या पुस्तकापासून. आणि एक वही. त्या वहीत रोज पन्नास फ्री थ्रो आणि त्यांतले किती आत गेले, एवढेच लिहायचे. फ्री थ्रो म्हणजे फळ्यापासून ४.६ मीटरवरून, समोर कोणी अडवायला नसताना टाकलेला फेक. मुलाचा नेम पुढे कसा होईल हे एखाद्या सामन्यातल्या दोन-चार लांबच्या बास्केटवरून सांगता येत नाही. ते नशिबानेही जातात. फ्री थ्रोचा आकडा खोटे बोलत नाही, म्हणून जाणकार आधी तो पाहतात.

फेक बदलण्यापूर्वी, जुलैत, तो पन्नासांत सत्तावीस टाकायचा. ऑगस्टमध्ये हाच आकडा चौदावर आला होता. जानेवारीत तिशी ओलांडली. रमजानमध्ये सराव इफ्तारच्या आधी अर्ध्या तासावर आणला. पळणे नाही, फक्त रिंगजवळ उभे राहून मनगटाचे काम. ईदनंतरच्या आठवड्यात त्याची सरासरी पन्नासांत छत्तीस आहे. तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर असते. तिथून फेकायला उस्तादांनी अजून बंदी घातली आहे, कारण तिथे गेला की तो पुन्हा जुन्यासारखे ढकलू लागतो.

चिकाटीची गोष्ट निघाली की उस्ताद मुलांना महमूद अब्दुल-रऊफ यांचे नाव सांगतात. अमेरिकेतला सहा फूट एक इंचाचा हा गार्ड. त्याला टुरेट नावाचा आजार होता, म्हणजे अंगाला आपोआप झटके येत. मनासारखा फेक पडेपर्यंत तो मैदान सोडत नसे. १९९३-९४ च्या हंगामात त्याने २२९ फ्री थ्रोंपैकी २१९ आत टाकले.

आता पालकांचा खरा प्रश्न. पुढे काय? मी खोटी आशा दाखवणार नाही. मुलगा साडेपाच फूट, वडीलही तेवढेच. फार तर आणखी दोन-तीन इंच वाढेल. भारतीय संघाचा अनेक वर्षांचा कर्णधार विशेष भृगुवंशी हाही गार्डच, पण सहा फुटांहून चांगलाच उंच. एनबीएचे नाव घरात न काढलेले बरे. आपल्या देशात या खेळावर पोट भरेल अशी मोठी लीगही नाही.

पण मधल्या पायऱ्या खऱ्या आहेत. शालेय स्पर्धांत सतरा वर्षांखालील गटात त्याचे अजून एक वर्ष आहे. जिल्हा, विभाग, राज्य असा तो चढू शकतो. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. अनेक महाविद्यालयांत खेळाडूंसाठी जागा असतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस दलातही खेळाडूंची भरती होते. त्यासाठी कागद नीट हवेत. प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र जपा, नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळवून घ्या, आणि वय लपवून कधीही खेळवू नका. प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि खोटेपणा मुलाच्या आयुष्यभर मागे लागतो.

मुलींच्या पालकांनाही हेच. त्यांचा चेंडू सहा नंबरचा, थोडा लहान आणि हलका. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. आपल्या मुलींनी निदान खेळून पाहावे.

आणि पालकसभेत मला विचाराल तर आता मी एवढेच सांगेन. मुलगा काही नवे शिकत असेल आणि अचानक वाईट करू लागला, तर आधी शिकवणाऱ्याला भेटा. तो मोडला आहे की बदलतो आहे, हे विचारा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

वार्षिक परीक्षेत त्याला गणितात ऐंशीपैकी एकेचाळीस मिळाले. फार नाहीत, पण समीकरणे सुटू लागली आहेत. जूनमध्ये तो दहावीत जाईल. वेळापत्रक पुन्हा बसवावे लागेल, सराव चाळीस मिनिटांवरून पंचवीसवर येईल, आणि तरी काही घसरेलच.

परवा त्याचे अब्बा कारखान्यातून थेट शाळेत आले. मला वाटले, पुन्हा चेंडूचा विषय. होता तोच. "सर, धाकटा आता दहाचा झाला, तोही मागे लागलाय. पाच नंबरचा चेंडू कुठे मिळेल?"