टिपणवहीचे मोल

इतिहासाचे ग्रंथ आवडीने वाचणारा वर्ग महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. कचेरीतून परतताना ग्रंथालयातून जाडजूड खंड घरी नेणारा कारकून आणि सुटीत मराठी रियासतीचे खंड ओळीने वाचून काढणारा शिक्षक ही येथील परिचित माणसे आहेत. परंतु सहा महिन्यांनंतर या वाचनातून शिल्लक काय राहते, असे विचारले, तर उत्तर समाधानकारक नसते. चार नावे, दोन लढाया आणि ‘ग्रंथ मोठा उद्बोधक आहे’ हा अभिप्राय, एवढेच बहुधा हाती उरते.

विस्मरण हा मनाचा स्वभावच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो व पुढे गळतीचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा अधिक टिकतो हे खरे. तथापि त्यातील तपशील टिकेलच असे नाही.

केवळ विसरण्यावरच भागले असते, तर ही हानी ज्याची त्याला भोगावी लागली असती. परंतु विसरलेल्या मजकुराच्या जागी ऐकीव गोष्ट येऊन बसते आणि ‘कोठेतरी वाचले आहे’ एवढ्या आधारावर माणसे हिरीरीने वाद घालू लागतात. इतिहासावरून माथी लवकर तापणाऱ्या समाजात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

मराठी सत्तेच्या उदयाचेच उदाहरण घ्यावे. सातारा दरबारी राहिलेले इंग्रज अधिकारी ग्रँट डफ यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हा उदय सह्याद्रीच्या रानात अकस्मात भडकलेल्या वणव्यासारखा मानला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० सालच्या ग्रंथात हे मत खोडून, या उदयामागे संतांनी केलेल्या लोकजागृतीची पूर्वतयारी होती, असे प्रतिपादन केले. राजवाडे यांना संतांचे हे श्रेय मान्य नव्हते. तिन्ही मते वाचून कोणते कोणाचे याची नोंद न ठेवणाऱ्याच्या मनात त्यांची खिचडी होते, आणि मतालाच तो घटना समजू लागतो.

यावर उपाय साधा आहे. प्रकरण संपले की ग्रंथ मिटावा आणि लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत पाच-सात ओळींत लिहावे. लेखकाने कोणता पुरावा दिला, हे पृष्ठांक व आवृत्तीचे वर्ष यांसह नोंदवावे. आपली शंका समासात वेगळी मांडावी, म्हणजे लेखकाचे मत आणि आपले मत यांची गल्लत होणार नाही. उतारेच्या उतारे नकलून काढणे किंवा हल्लीच्या रीतीने फोनवर पानांची छायाचित्रे घेणे, यांत हात राबतो. बुद्धी राबतेच असे नाही.

अशा खटाटोपाने वाचनाचा आनंद नष्ट होतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. इंग्लंडमधील लॉर्ड ॲक्टन यांनी आयुष्यभर टिपणांचे ढीग रचले. मात्र स्वातंत्र्याचा इतिहास लिहिण्याचा त्यांचा संकल्प १९०२ साली मृत्यू येईपर्यंत सिद्धीस गेला नाही. टिपण हे साधन आहे, साध्य नव्हे. म्हणूनच ते आटोपशीर असावे आणि अधूनमधून पुन्हा वाचले जावे. करमणुकीसाठी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवण्याचेही कारण नाही.

ग्रंथ विकत घेण्याची ऐपत सर्वांना नसते. ग्रंथालयाचा खंड मुदतीत परत करावाच लागतो. वाचकाची स्वतःची मिळकत म्हणजे त्याने केलेले टिपण. आणि वाद पेटला असता, वही उघडून ‘हे कोणी, कशाच्या आधारे म्हटले’ असे शांतपणे सांगू शकणारा एक जरी मनुष्य सभेत असला, तरी त्या सभेचे भले होते.